एका कवडीचे अंतर

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, श्रेढीव्यवहाराच्या, म्हणजे श्रेणींच्या, प्रकरणात, एका दानशूराचे उदाहरण येते. पहिल्या दिवशी याचकांना दोन कवड्या द्यायच्या आणि पुढे दररोज आदल्या दिवसाच्या दुप्पट द्यायच्या, अशी प्रतिज्ञा केलेला हा मनुष्य महिन्याभरात किती निष्क देईल, एवढाच प्रश्न आहे. ‘पूर्वं वराटकयुगं येन द्विगुणोत्तरं प्रतिज्ञातम्’ असा त्याचा आरंभ. महिना तीस दिवसांचा धरला की उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या असे येते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, या ग्रंथाच्या आरंभीच दिलेल्या कोष्टकाने ते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या असे मांडायचे.

या उत्तरात आणखी एक कवडी मिळवली की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या होते, आणि हा लेख तिच्याविषयी आहे. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. पुण्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षे गणित शिकवले; मूळ संख्या, संयुक्त संख्या, अवयव पाडणे हे सगळे फळ्यावर इतक्या वेळा लिहिले की त्यात नवल वाटण्यासारखे काही उरले नव्हते. निवृत्तीनंतर लीलावती सावकाश वाचायला घेतली. प्रत होती पुण्यातल्याच आनंदाश्रम संस्थेने १९३७ साली छापलेली, गणेश दैवज्ञांच्या बुद्धिविलासिनी टीकेसह. अप्पा बळवंत चौकातल्या गाईडांच्या आणि अपेक्षित प्रश्नसंचांच्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर ही छापखान्याची परंपरा उभी आहे, हे पुण्यात राहून मी फार उशिरा ध्यानात घेतले. कवड्यांचे उत्तर वाचताना वाटले की हा आकडा आपण दुसरीकडे कुठेतरी पाहिलेला आहे, फक्त शेवटचा अंक तेवढा निराळा होता.

आधी भास्कराचार्यांची रीत सांगायला हवी, कारण माझ्या मते त्या उदाहरणातले खरे वित्त कवड्यांत नसून रीतीत आहे. दोनाची तीस वेळा दुप्पट करत बसणे हा शाळकरी मार्ग. भास्कराचार्य म्हणतात, पदांची संख्या विषम असेल तर तिच्यातून एक वजा करा आणि ‘गुण’ अशी खूण लिहा. सम असेल तर तिची निमपट करा आणि ‘वर्ग’ अशी खूण लिहा. असे शून्य येईपर्यंत चालवा. तीस सम, म्हणून वर्ग, राहिले पंधरा, पंधरा विषम, म्हणून गुण, राहिले चौदा, मग वर्ग, सात, गुण, सहा, वर्ग, तीन, गुण, दोन, वर्ग, एक, गुण, शून्य. आता या आठ खुणा शेवटाकडून वाचत यायचे. गुण म्हणजे दोनाने गुणणे, वर्ग म्हणजे वर्ग करणे. २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि शेवटच्या वर्गाला १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत दोनाचा तिसावा घात हाती येतो. त्यातून एक वजा करून, एक उणे केलेल्या गुणकाने, म्हणजे इथे एकाने, भागायचे आणि पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणायचे. घात जेवढा मोठा तेवढी ही बचत डोळ्यांत भरते: घात दुप्पट झाला तरी काम एका वर्गाने वाढते. आज बँकेचा व्यवहार फोनवरून करताना जी गुप्तलिपी पडद्याआड चालते, तिच्यातले प्रचंड घात काढायलाही हीच वर्ग-गुणाची रीत वापरतात.

हे लिहिताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपली संख्या ही संगणकाच्या मोजणीचीही एक मर्यादा आहे, ते पुढे येईलच. ‘भास्कराचार्यांना संगणकाची मर्यादा ११५० सालीच ठाऊक होती’ असा संदेश आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर उद्या कोणी टाकला तर मला आश्चर्य वाटणार नाही, पण मी त्याला अनुमोदन देणार नाही. भास्कराचार्यांनी बेरीज विचारली आणि बेरीज काढली. त्या बेरजेच्या शेजारी कोण राहते याची चौकशी करण्याचे त्यांना कारण नव्हते. दुपटीचा नाद ज्याला लागला तो आज ना उद्या दोनाच्या घातांच्या आसपास पोचणारच. दानशूर तसा पोचला आणि आठ शतकांनी यंत्रेही तशीच पोचली. योगायोगाचे श्रेय पूर्वजांना देण्यापेक्षा रीतीचे द्यावे, ते अधिक खरे आहे आणि मोठेही आहे.

आता शेजाराकडे वळू. दानशूराने दिलेल्या कवड्यांचे अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ असे पडतात. एवढी मोठी संख्या, पण तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव अवघा ३३१ आहे. ती भुसभुशीत आहे असेच म्हणावे लागेल. त्या कवड्या दोघांत, तिघांत, सातांत, नवांत, अकरांत, एकतीस जणांत, कशाही वाटा, बाकी राहणार नाही. पलीकडच्या बाजूला २,१४,७४,८३,६४८ आहे, म्हणजे दोनाचा एकतिसावा घात, ज्यात दोनाखेरीज दुसरा मूळ अवयवच नाही. या दोन पुरत्या फुटणाऱ्या संख्यांच्या मधोमध २,१४,७४,८३,६४७ उभी आहे आणि तिला एक आणि ती स्वतः यांवाचून कोणीही भागू शकत नाही. ती मूळ संख्या आहे. एक कवडी इकडे किंवा तिकडे सरकली की सगळा स्वभाव बदलतो. संख्यांची बेरजेच्या अंगाने जवळीक आणि गुणाकाराच्या अंगाने जवळीक यांचा एकमेकींशी किती थोडा संबंध असतो, हे मी वर्गात अनेकदा सांगितले असेल. इतके नेमके उदाहरण मात्र मला तेव्हा सापडले नव्हते.

दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या केव्हा मिळते, हा प्रश्न जुना आहे. घात स्वतः मूळ असावा लागतो, नाहीतर संख्या लगेच फुटते; पण घात मूळ असून भागत नाही, कारण अकरावा घात उणे एक म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९ आहेत. बोलोन्याच्या कातालदी या गणितज्ञाने १६०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १७ आणि १९ हे घात तपासून दाखवले आणि त्यापुढे २३, २९, ३१, ३७ हेही चालतील असे सांगून टाकले. फ्रेंच गणितज्ञ फेर्माने १६४० साली २३ आणि ३७ खोडून काढले. स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३८ साली २९ खोडला, त्याला २३३ ने भाग जातो. चारांतला ३१ तेवढा उरला. मरसेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली दिलेल्या यादीतही ३१ होता, आणि त्या यादीवरूनच अशा मूळ संख्यांना आज त्याचे नाव लावतात. यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. नाव मात्र राहिले.

३१ चा निकाल ऑयलरनेच लावला. १७७२ साली बर्नुली या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने ही संख्या मूळ असल्याचे कळवले. त्या वेळी तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. एखादी संख्या मूळ आहे हे दाखवायचे म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहायचे, हे आपण सातवी-आठवीत शिकतो. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांहून अधिक भरतात. दहा अंकी संख्येचे पावणेपाच हजार भागाकार डोळस माणसालाही झेपणारे नाहीत. ऑयलरने ते कसे टाळले, हा माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग आहे, म्हणून तो जरा विस्ताराने सांगते.

समजा, प या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग दोनाच्या एकतिसाव्या घाताला प ने भागले तर बाकी एक राहील. दोनाचे घात एकामागून एक घेऊन प ने भागत गेले, तर येणाऱ्या बाक्या ठरावीक पावलांनी पुन्हा एकावर येतात. ही पावले एकतीसला भागणारी असली पाहिजेत, आणि एकतीस स्वतः मूळ असल्यामुळे ती नेमकी एकतीसच आहेत. दुसरीकडे, फेर्माच्या प्रमेयाप्रमाणे प − १ पावलांनंतरही बाकी एकच येते. म्हणजे प − १ ला ३१ ने भाग गेला पाहिजे. प विषम, तेव्हा प − १ ला ६२ ने भाग गेला पाहिजे. एवढ्यानेच बहुतेक उमेदवार गळाले. पण ऑयलर इथे थांबला नाही. दोनाचा एकतिसावा घात एक बाकी देतो, तर बत्तिसावा घात दोन बाकी देईल. आणि बत्तिसावा घात हा सोळाव्या घाताचा वर्ग आहे. म्हणजे प च्या बाक्यांच्या जगात दोन ही संख्या एक पूर्ण वर्ग आहे. असे फक्त त्याच मूळ संख्यांच्या बाबतीत घडते, ज्यांना आठाने भागले असता बाकी एक किंवा सात राहते. या दोन अटी एकत्र केल्या की प ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ एवढीच उरू शकते.

४६,३४० पर्यंत अशा संख्या अवघ्या ३७३ आहेत, आणि त्यांतही बहुतेक उघडपणे संयुक्त आहेत. ६३ आणि २४९ लगेच जातात. ३११ मूळ आहे. पुढे ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, सगळ्या फुटतात. मग १३०३ आणि १४८९. चौदाशे ऐंशीपर्यंत भागून पाहण्यासारख्या फक्त दोन संख्या उरतात, याचा आनंद ज्याने कधी हाताने भागाकार केले आहेत त्यालाच कळेल. मी एका पावसाळ्यात, वीज गेलेल्या एका संध्याकाळी, उरलेल्या वहीच्या पानांवर हे भागाकार करायला घेतले. ३११ ने भागून बाकी ३५ आली, १३०३ ने २२६, १४८९ ने १९९. ऑयलरने जे शोधले ते मला शोधायचे नव्हते. पण एखादी संख्या भागाला नकार देत आहे, हे पुस्तकात वाचणे आणि पेन्सिलीच्या टोकाशी अनुभवणे यांत फरक आहे. प्रत्येक भागाकाराच्या शेवटच्या ओळीपर्यंत शंका राहते. आता शून्य येईल का? येत नाही. वीज आल्यावरही मी पुढचे दोन-तीन केले, मग सोडून दिले, कारण उरलेल्यांबद्दल ऑयलरवर विश्वास ठेवायला माझी हरकत नव्हती.

या संख्येतून आणखी एक मोठी संख्या निघते. युक्लिडने दाखवलेल्या रीतीने तिला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून बाकी सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते अशी. सहा आणि अठ्ठावीस यांच्या कुळातली ही आठवी. इंग्लंडमधल्या पीटर बार्लो या गणितज्ञाने १८११ साली तिच्याविषयी लिहिले की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधीच शोधली जाणार नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि म्हणून पुढची शोधण्याच्या भरीस कोणी पडणार नाही. माणसाच्या स्वभावाविषयी इतका चुकीचा अंदाज क्वचितच कोणी केला असेल. १८७६ साली फ्रेंच गणितज्ञ ल्यूकाने १२७ वा घात उणे एक ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, १८८३ साली पेर्वुशिन नावाच्या रशियन पाद्र्याने ६१ वा घात गाठला, आणि २०२४ सालच्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या १३,६२,७९,८४१ व्या घाताच्या मूळ संख्येला ४,१०,२४,३२० अंक आहेत. उपयोग नाही म्हणून कोणी थांबले असते तर फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या आणि देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या कापरेकरांनी ६१७४ हा स्थिरांक तरी कशाला शोधला असता?

ल्यूकाने जी कसोटी दिली आणि पुढे लेमरने सुटसुटीत केली, तीही वर्गांचीच आहे. चार घ्या, वर्ग करून दोन वजा करा, संख्येने भागून बाकी ठेवा. घातापेक्षा दोन कमी वेळा हे करून शेवटी शून्य आले तर संख्या मूळ. एकतीसच्याच बाबतीत, म्हणजे पाचवा घात उणे एक, हे तीन पावलांत दिसते: चारावरून चौदा, चौदावरून १९४, ज्याची एकतीसने भागल्यावर बाकी आठ, आठावरून बासष्ट, आणि बासष्टला एकतीसने पूर्ण भाग जातो. आपल्या दहा अंकी संख्येसाठी अशी एकोणतीस पावले लागतात. ऑयलरला ही कसोटी मिळाली असती तर त्याचे भागाकार वाचले असते.

पाच, एकतीस, २,१४,७४,८३,६४७ ही माळही लक्षात घेण्यासारखी आहे. पाचव्या घातातून एकतीस मिळतात, ते मूळ. एकतिसाव्या घातातून ही संख्या मिळते, तीही मूळ. मग या संख्येचाच घात घेतला तर? दोनाचा २,१४,७४,८३,६४७ वा घात उणे एक ही संख्या लिहायला चौसष्ट कोटींहून अधिक अंक लागतील. ती लिहून काढण्याच्या फंदात पडण्याचे कारण नाही, कारण ती मूळ नाही. २९५२५७५२६६२६०३१ या पंधरा अंकी संख्येने तिला भाग जातो. हा विभाजकही ऑयलरच्या पहिल्या अटीतूनच निघालेला आहे: त्यातून एक वजा करा, आपल्या संख्येच्या दुपटीने भागा, बरोबर ६८,७४५ येतात. माळ इथे तुटते.

पहिल्यांदा आकडा पाहून मला जे ओळखीचे वाटले होते, त्याचा उगम माझ्या भाच्याच्या तोंडी होता. तो हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करतो. त्यांच्या एका ग्राहकाच्या व्यवहारांच्या नोंदींना जो अनुक्रमांक मिळत असे, तो एका रात्री २१४७४८३६४७ वर येऊन थबकला आणि नवी नोंद घ्यायला यंत्र नकार देऊ लागले. ‘मावशी, अख्खी टीम पहाटेपर्यंत बसली होती,’ एवढेच तो दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला होता आणि तो आकडा त्याने इतक्या वेळा उच्चारला होता की माझ्या कानात राहिला. कारण साधे आहे. संगणकात पूर्णांक ठेवायला बत्तीस बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशा बत्तीस घरांची, जागा दिली की त्यांतला एक बिट अधिक-उणे या चिन्हासाठी जातो. उरलेल्या एकतीस घरांत सगळीकडे एक लिहिले की जी सर्वांत मोठी संख्या होते, ती दोनाचा एकतिसावा घात उणे एक. त्यात आणखी एक मिळवायला गेले तर काही प्रणाली अडून बसतात, आणि काही जुन्या स्कूटरच्या किलोमीटर दाखवणाऱ्या चाकांसारख्या उलटून एकदम उणे २,१४,७४,८३,६४८ दाखवतात. २०१४ सालच्या डिसेंबरात यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने हीच मर्यादा गाठली आणि त्यांना मोजणीचे घर चौसष्ट बिटांचे करावे लागले.

मी भाच्याला कवड्यांचे उदाहरण वाचून दाखवले. तो हसला, पण त्याला खरी गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती त्यानेच मला सांगितली. संगणकावर सोडतीसारख्या यदृच्छ संख्या लागतात, त्या काढण्याची एक जुनी रीत १९६९ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० यंत्रासाठी प्रसिद्ध झाली आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिला किमान प्रमाण म्हणून पुढे केले. हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणायचे आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची. ती बाकी म्हणजे पुढची संख्या. एकापासून आरंभ केला तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे पडत जातात. दहा हजारावे पाऊल १०४३६१८०६५ वर पडते, आणि आपला प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे तपासायला लोक तोच आकडा पाहतात. असे करत गेले की एकापासून सुरू झालेला प्रवास पुन्हा एकावर किती पावलांनी येतो? २,१४,७४,८३,६४६ पावलांनी. दानशूराच्या कवड्यांइतक्या. वाटेत शून्य सोडून एकही बाकी चुकत नाही आणि एकही दोनदा येत नाही.

हे घडण्यासाठी भाजक मूळ असणे ही पहिली गरज. त्यावर गुणक असा हवा की ज्याचे घात सगळ्या बाक्यांतून फिरून येतील. या संख्येच्या बाबतीत असा सर्वांत लहान गुणक सात आहे, आणि १६८०७ हा साताचा पाचवा घात. पाचवाच का चालतो, तर २,१४,७४,८३,६४६ च्या अवयवांत पाच नाहीत. सातचा तिसरा घात घेतला असता तर, त्या अवयवांत तीन असल्यामुळे, फेरी एक-तृतीयांशातच, ७१,५८,२७,८८२ पावलांत, संपली असती. म्हणजे भाजकाचा अभेद्यपणा आणि शेजारणीचा भुसभुशीतपणा, दोन्हींचा हिशेब इथे एकाच वेळी ठेवावा लागतो. लीलावतीतले उत्तर फोडून पाहण्याचे मला कुतूहल होते. ते फोडून पाहणे यंत्रवाल्यांसाठी कामाचे होते. बार्लोला हे कोणीतरी कळवायला हवे होते.

अनेक जुन्या प्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांत, आणि तीही बत्तीस बिटांत. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजून चौदा मिनिटे सात सेकंद झाले असताना, म्हणजे पुण्यात सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे सात सेकंद झाले असताना, हे सेकंद २,१४,७४,८३,६४७ भरतील. पुढच्या टिकटिकीला, ज्या यंत्रांत सुधारणा झालेली नसेल, ती १३ डिसेंबर १९०१ ची रात्र दाखवू लागतील. त्या सकाळी हिंजवडीच्या पुलावर नेहमीसारखी गर्दी असेल. भाचा म्हणतो, आमच्याकडची सगळी यंत्रे तोवर चौसष्ट बिटांची झालेली असतील. मी त्याला विचारले, मग नवी मर्यादा कोणती? एक बिट चिन्हाला गेला की त्रेसष्ट राहतात, तेव्हा दोनाचा त्रेसष्टावा घात उणे एक: ९२२३३७२०३६८५४७७५८०७.

‘हीसुद्धा मूळच असणार,’ तो म्हणाला. आठ बिटांत सात उरतात आणि १२७ मूळ आहे. बत्तीस बिटांत एकतीस उरतात आणि तीही मूळ. त्यावरून त्याने अनुमान केले होते. सोळा बिटांत पंधरा उरतात आणि ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, हे त्याने विचारात घेतले नव्हते. घात फुटला की संख्या फुटते. त्रेसष्टाला तिनाने भाग जातो, म्हणून या एकोणीस अंकी संख्येला दोनाचा तिसरा घात उणे एक, म्हणजे साताने, भाग गेलाच पाहिजे. त्याने फोनवरचा गणकयंत्राचा पडदा उघडला, पण तिथे शेवटचे अंक गाळले जाऊन दशांशचिन्हाचा खेळ सुरू झाला. मग कागद घेऊन, शाळेत करतात तसा, उभा भागाकार केला. १३१७६२४५७६६९३५३९४०१, बाकी शून्य. ‘पुन्हा सातानेच भाग,’ मी म्हटले. १८८२३२०८२३८४७९१३४३. पुन्हा शून्य.